पिंड आधी की पायरी आधी?

'ज्याचा त्याचा पिंड' हे वाक्य आपल्या भाषेत फार स्वस्त झालेलं आहे. कुणी मान खाली घालून बसला की त्याचा पिंडच गरीब. कुणी चारचौघांत डरकाळी फोडली की त्याचा पिंडच राजाचा. बोलणारा सहज बोलून जातो, ऐकणारा मान डोलावतो. पण या एवढ्याशा वाक्याच्या पोटात एक अख्खं तत्त्वज्ञान दडलेलं आहे. ते म्हणतं, जीव आधी घडतो आणि मग त्याच्या घडणीप्रमाणं त्याला जागा मिळते. वर बसलेला वर बसण्याच्याच लायकीचा होता. खाली बसलेला खालीच शोभत होता. पोथीवाल्यांनी याला गुणकर्म म्हटलं. गोऱ्या साहेबानं रक्त म्हटलं. आजचा शिकलेला माणूस मेरिट म्हणतो, जीन्स म्हणतो. शब्द बदलत गेले, मांडणी तीच राहिली.

हा प्रश्न माणसाला विचारण्यात अर्थ नाही. माणसाचं उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि बहुतेक वेळा ते त्याच्या आडनावावरून ओळखता येतं. म्हणून या खेपेला तो माशाला विचारू. माशाला जात नाही, पोथी नाही. साक्ष फिरवायला त्याला कुणी पैसेही देत नाही.

आफ्रिकेत टांगानिका नावाचं सरोवर आहे. टांझानिया, काँगो, बुरुंडी आणि झांबिया या चार देशांच्या मध्ये पसरलेलं, जगातल्या सगळ्यात खोल सरोवरांपैकी एक. त्याच्या काठच्या उथळ पाण्यात एक वीतभरही नसलेला मासा राहतो. शास्त्रज्ञ त्याला पूर्वी हाप्लोक्रोमिस बर्टोनी म्हणत, आता अॅस्टॅटोटिलापिया बर्टोनी म्हणतात. आपण नुसतं बर्टोनी म्हणू. याची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात धरून सांभाळते. पण आपल्याला बघायचं आहे ते नरांकडं.

नर दोन तऱ्हेचे दिसतात. एक तऱ्हा झगझगीत. अंग पिवळं नाहीतर निळं, डोळ्यापासून खाली उतरलेली काळी ठसठशीत पट्टी, कल्ल्यामागं तांबडा डाग. हा तळाच्या वाळूत खड्डा करतो, भोवतीची हद्द आपली म्हणतो. दुसरा नर हद्दीत आला की अंगावर धावून जातो. मादी दिसली की अंग थरथरवत तिला खड्ड्याकडं नेतो. दुसरी तऱ्हा मातकट. रंग नाही, पट्टी नाही, हद्द नाही. तो माद्यांच्या घोळक्यात त्यांच्यासारखाच होऊन फिरतो आणि हद्दवाला अंगावर आला की पळतो. दहा नरांत हद्दवाले एक ते तीन. बाकीचे सगळे बिनहद्दीचे.

पहिल्यांदा बघणारा काय म्हणेल? म्हणेल, या दोन जाती आहेत. एक क्षत्रिय मासा, एक शूद्र मासा. एकाचा पिंड लढण्याचा, दुसऱ्याचा पळण्याचा. आणि त्याला पुरावाही मिळेल, कारण फरक नुसता कातडीचा नाही. तो मेंदूपर्यंत गेलेला आहे.

रसेल फर्नाल्ड या अमेरिकन शास्त्रज्ञानं या माशावर आयुष्य घातलं. १९७७ साली हिराटा या सहकाऱ्याबरोबर त्यांनी बर्टोनीच्या मोकळ्या पाण्यातल्या वागण्याची निरीक्षणं छापली. पुढं स्टॅनफर्ड विद्यापीठात अनेक वर्षं त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी याच माशाचा मेंदू तपासला. मेंदूच्या तळाकडच्या भागात थोड्याशा पेशी असतात. त्या एक हार्मोन तयार करतात. त्याचं लांबलचक नाव गोनॅडोट्रोपिन रिलीझिंग हार्मोन, थोडक्यात जीएनआरएच. हे हार्मोन पियुषिका ग्रंथीला निरोप देतं, ग्रंथी वृषणाला निरोप देते, मग वृषण वाढतं, टेस्टोस्टेरॉन रक्तात उतरतं. म्हणजे नराचं नरपण ज्या दोरीनं हलतं त्या दोरीचं वरचं टोक या पेशींच्या हातात आहे. हेच हार्मोन माणसाच्याही मेंदूत आहे. ते नसेल तर पोरगा वयात येत नाही.

१९९० साली डेव्हिस आणि फर्नाल्ड यांनी दाखवलं की हद्दवाल्या नराच्या मेंदूतल्या या पेशी बिनहद्दीच्या नराच्या पेशींपेक्षा आकारमानानं आठपटीपर्यंत मोठ्या असतात. आठपट! आता तर प्रश्नच मिटला असं कुणाला वाटेल. ज्याच्या मेंदूत मोठ्या पेशी तो राजा झाला, ज्याच्या मेंदूत बारक्या तो पळपुटा झाला. पिंडाचं तत्त्वज्ञान इथं फोटो काढून भिंतीवर लावता आलं असतं.

पण शास्त्रज्ञांनी तिथं थांबायचं नाकारलं. त्यांनी विचारलं, पेशी मोठ्या म्हणून हद्द मिळाली, की हद्द मिळाली म्हणून पेशी मोठ्या झाल्या? हा प्रश्न विचारणं म्हणजेच विज्ञान. जो हा प्रश्न विचारत नाही त्याच्या हातात सूक्ष्मदर्शक असला तरी तो पोथीच वाचत असतो.

१९९३ साली फ्रान्सिस, सोमा आणि फर्नाल्ड यांनी साधी गोष्ट केली. हद्दवाले नर उचलले आणि त्यांच्याहून मोठ्या नरांच्या टाकीत सोडले. बिनहद्दीचे नर उचलले आणि लहान नरांच्या, माद्यांच्या टाकीत सोडले. चार आठवडे जाऊ दिले. मग मेंदू तपासला. राजा होता त्याच्या पेशी आक्रसल्या होत्या, वृषण बारीक झालं होतं. पळपुटा होता त्याच्या पेशी फुगल्या होत्या, वृषण भरलं होतं. मासा तोच होता. आईबाप तेच, रक्त तेच, जीन्स तेच. जागा बदलली आणि पिंड बदलला.

आणि हे बदलणं कधी सुरू होतं? २००५ साली बर्मिस्टर, जार्व्हिस आणि फर्नाल्ड यांनी पहाटेच्या अंधारात, दिवे लागायच्या तासभर आधी, टाकीतला दांडगा नर गुपचूप काढून घेतला. दिवे लागले. खालच्या नरानं बघितलं, तो नाही. काही मिनिटांत त्याच्या अंगावर रंग चढला, पट्टी उमटली, तो दुसऱ्यांच्या मागं लागला. मेंदूच्या ज्या भागात त्या पेशी असतात तिथं एक जीन वीस मिनिटांत जागा झालेला सापडला. त्या माशाला कुणी खायला जादा घातलं नव्हतं, औषध टोचलं नव्हतं, शिकवलं नव्हतं. एक जागा रिकामी झाली एवढं त्याला दिसलं आणि त्या दिसण्यानंच मेंदूतली कळ फिरली.

म्हणजे आपला पहिला प्रश्न सुटला. माशाच्या बाबतीत पायरी आधी, पिंड मागाहून. पण मागाहून आलेला पिंड खरा असतो हेही विसरून चालणार नाही. तो सोंग नाही. कापून बघितलं तर दिसतो, मोजता येतो. फसवणूक होते ती इथंच. जो नंतर येऊन, मोजून, म्हणतो की बघा, याच्या अंगातच बळ नाही, तो खोटं बोलत नसतो. तो फक्त अर्धी गोष्ट सांगत असतो. पाणी कुणी अडवलं ते न सांगता शेत वाळल्याचा पंचनामा करावा तसं.

या माशात अशा आणखी गोष्टी आहेत. मोठ्या नरांच्या सहवासात वाढणारी नर-पिल्लं उशिरा वयात येतात. दडपणारं कुणी नसेल तर लवकर येतात. म्हणजे बालपणातच उतरंडीचं वजन अंगावर पडतं, अजून एकही लढाई न हरता.

२००२ साली व्हाइट, गुयेन आणि फर्नाल्ड यांनी चढण्याचा आणि उतरण्याचा वेग मोजला. वर चढणाऱ्या माशाचं अंग लवकर बदलतं, खाली ढकललेल्याचं हळू. वागणं मात्र उलटं. ढकललेला मासा आक्रमकपणा चटकन टाकून देतो, चढणारा तो सावकाश धरतो. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा असा आहे. खाली ढकललेल्या माशाच्या आयुष्यात एक काळ असा असतो की त्याच्या अंगात अजून राजाच्या पेशी आहेत आणि वागणं मात्र गुलामाचं झालेलं आहे. बाहेरून बघणारा म्हणेल, किती गरीब मासा! नम्रपणा हा नेहमी आतून उगवतो असं मानणाऱ्यांनी या माशासमोर दोन घटका बसावं. वागण्यातली नम्रता बऱ्याचदा जीव वाचवण्याचा हिशेब असते. आणि हिशेब लांबला, दिवसांचे आठवडे झाले, की अंगही त्या हिशेबाला शरण जातं.

पण पुरतं शरण जात नाही. २०१२ साली कस्टन, मारुस्का आणि फर्नाल्ड यांनी दाखवलं की दडपलेल्या बर्टोनी नराच्या वृषणात बीज तयार होणं बंद पडत नाही. बाहेरून मातकट, आत काम चालू. संधी मिळाली की तो फार वेळ न लावता बाप होऊ शकतो.

त्याचं डोकंही चालू असतं. २००७ साली ग्रोझेनिक, क्लेमेंट आणि फर्नाल्ड यांनी एका नराला काचेआडून पाच नरांच्या लढती दाखवल्या. पहिला दुसऱ्याला हरवतो, दुसरा तिसऱ्याला, तिसरा चौथ्याला, चौथा पाचव्याला. मग दुसरा आणि चौथा त्याच्यापुढं ठेवले. या दोघांची लढत त्यानं कधी पाहिली नव्हती. तरी तो चौथ्याच्या, म्हणजे कमजोराच्या, बाजूला जाऊ लागला. दुसरा तिसऱ्याहून भारी, तिसरा चौथ्याहून भारी, तेव्हा दुसरा चौथ्याहून भारी, हा तर्क त्यानं नुसता बघून केला. याला आपण तर्कशास्त्र म्हणतो आणि त्यावर कुणाकुणाची मक्तेदारी आहे असं शतकानुशतकं ऐकत आलो. ज्याला उतरंडीत जगायचं असतं त्याला उतरंड वाचावीच लागते. आणि खालच्याला ती चुकीची वाचून परवडत नाही.

आता कॉर्टिसॉलचं बघू. ताण आला की रक्तात चढणारं हे हार्मोन. माशात तेच, माणसात तेच. १९९७ साली फॉक्स आणि सहकाऱ्यांनी बर्टोनीच्या टाक्यांमध्ये ते मोजलं. ताण किती हे दोन गोष्टींवर ठरत होतं. मासा कोणत्या पायरीवर आहे आणि त्याचा समाज किती स्थिर आहे. समाज स्थिर असला की वरच्यांच्या रक्तात कॉर्टिसॉल कमी आणि खालच्यांच्या रक्तात जास्त. टाकीत गडबड असली की वरच्यांनाही घाम फुटतो.

'गावात शांतता आहे' हे वाक्य आपण ऐकतो ना, त्याचा अर्थ या मोजणीत सापडतो. शांतता कुणाच्या रक्तात आहे? टाकी बाहेरून बघितली तर पाणी स्वच्छ, मारामारी नाही, जो तो आपापल्या जागी. सुव्यवस्था ती हीच. पण थेंबभर रक्त काढून बघितलं तर त्या सुव्यवस्थेचं बिल कोण भरतो ते कळतं. रोज मारावं लागत नाही अशी व्यवस्था ही मारणारी व्यवस्था नसते असं थोडंच आहे? मार सगळा आतल्या आत चाललेला असतो.

याचा कळस बघायचा तर समुद्रातल्या क्लाऊनफिशकडं बघावं. शोभेच्या टाकीतला नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा मासा. समुद्रफुलाच्या आश्रयानं राहतो. एका समुद्रफुलात एक रांग असते. सगळ्यात मोठी मादी, तिच्या खालोखाल तिचा नर, त्याखाली लहान लहान होत गेलेले एकदोन-चार मासे, ज्यांना पिल्लं काढायची मुभा नाही. पीटर बुस्टन यांनी पापुआ न्यू गिनीच्या समुद्रात या रांगा मोजल्या आणि २००३ साली छापल्या. प्रत्येक मासा आपल्या वरच्यापेक्षा ठराविक प्रमाणात लहान राहतो. अन्न नाही म्हणून वाढत नाही असं नाही. तो आपली वाढ रोखून धरतो. का? बुस्टन यांचं म्हणणं, वरच्याच्या बरोबरीला आला तर वरचा त्याला हाकलून देईल, आणि समुद्रफुलाबाहेर मरण आहे. रांगेतला वरचा मेला की खालचा वाढतो. मादी मेली तर तिचा नरच पुढं मादी होतो.

आपली पायरी ओळखून राहा, हे वाक्य या माशाला कुणी बोलून दाखवलेलं नाही. तरी त्याचं हाड न् हाड ते पाळतं. हे वाचताना अंगावर काटा येत नाही असा माणूस आपल्यात सापडेल का? किती बापांनी पोराला सांगितलं असेल, बाबा, फार वाढू नकोस, डोळ्यावर येशील. सांगणारा बाप भेकड नव्हता. समुद्रफुलाबाहेर काय आहे ते त्यानं बघितलेलं होतं.

इथं एक इसम उठून उभा राहील. तो प्रत्येक सभेत असतो. तो म्हणेल, वा! म्हणजे तुम्हीच सिद्ध केलंत की उतरंड निसर्गात आहे. माशात लहानमोठा आहे, कोंबड्यांत आहे, मग माणसात असली तर ओरड कशाला?

याला उत्तर दिलं पाहिजे, कारण हा माणूस भोळा नसतो आणि त्याच्यामागं इतिहास आहे. कोंबड्यांची टोचण्याची उतरंड १९२१-२२च्या सुमाराला श्येल्डेरुप-एबे या नॉर्वेच्या अभ्यासकानं मांडली. त्यात काही पाप नव्हतं. पण प्राण्यांच्या वागण्याचा मोठा अभ्यासक कॉनराड लॉरेंझ १९३८ साली नाझी पक्षाचा सभासद झाला आणि पाळीव जनावरांच्या अधःपतनाचा सिद्धांत त्यानं १९४० साली माणसांच्या वंशाला लावला. पुढं १९७३ साली त्याला नोबेल मिळालं. बदकांचा आणि माशांचा तो खरोखरच जाणकार होता. जनावराकडून माणसाकडं येताना मधल्या पुलावर कोण उभं असतं ते यावरून ओळखावं.

उत्तर असं. एक तर, निसर्गात आहे म्हणून योग्य आहे असं होत नाही. निसर्गात पटकी पण आहे. आणि दुसरं जास्त महत्त्वाचं. माशाची उतरंड नीट बघा. तिथं जन्मावर काही नाही. हद्दवाल्याचा पोरगा हद्द घेऊन जन्मत नाही. रंगीत नर पाखरांच्या नजरेत लवकर भरतो, त्यांची शिकार होतो, हद्द रिकामी होते आणि मातकटातला एक तिथं जाऊन बसतो. मग त्याच्या बापाचं नाव कुणी विचारत नाही. ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळबेटांवर सफाई करणारा एक मासा आहे. एका नराभोवती माद्यांचा परिवार. रॉस रॉबर्टसन यांनी १९७२ साली नोंदवलं की नर मेला की वरच्या नंबरची मादी दोनेक तासांत नराचं वागणं सुरू करते आणि १४ ते १८ दिवसांत तिच्या अंगात नराचं बीज तयार होतं. माशाच्या राज्यात मादीचा नर होतो. माणसानं बांधलेल्या उतरंडीत मेल्यावरसुद्धा मसणवट बदलत नाही. तेव्हा माशाचा दाखला देऊन जातीचं समर्थन करणाऱ्यानं माशाची आधी माफी मागावी.

दुसरा इसम असेल तो अभ्यासू. तो म्हणेल, मासा आणि माणूस एका तराजूत कसे? बरोबर आहे. माशाच्या मेंदूतली पेशी मोजून माणसाचं माप काढता येत नाही. म्हणून माणसांवरचीच दोन कामं सांगतो.

१९६७ साली लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या अठरा हजारांच्या आसपास पुरुष नोकरांची तपासणी सुरू झाली. पुढं मायकल मार्मट यांनी त्यावर बरंच काम केलं. सगळ्यात खालच्या श्रेणीतले नोकर सगळ्यात वरच्या श्रेणीतल्यांपेक्षा सुमारे तिप्पट प्रमाणात मरत होते. यात उपाशी कुणी नव्हता, सगळ्यांना पगार होता, डॉक्टर होता. आणि नुसते तळाचेच मरत नव्हते. प्रत्येक पायरी तिच्या वरच्या पायरीपेक्षा जास्त मरत होती. बिडी-सिगारेट, रक्तदाब वगैरे सगळं वजा करूनही फरक उरत होता.

दुसरं आपल्या देशातलं. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांमधल्या सहावी-सातवीच्या ६४२ मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. निम्मी मुलं वरच्या जातींची, निम्मी दलित. जातीचा उच्चार केला नाही तेव्हा दोघांत सांगण्यासारखा फरक नव्हता. मग दुसऱ्या गटांत कोडी देण्याआधी प्रत्येकाचं नाव, गाव आणि जात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली. दलित मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या खाली आली. हे काम २००६ साली छापून आलं. मुलगा तोच, कोडी तसलीच. मध्ये फक्त एक शब्द उच्चारला गेला होता. त्या एका शब्दानं खोलीची टाकी झाली आणि मोठा मासा कुठं आहे ते सगळ्यांना दिसलं. परीक्षेचा निकाल बघून लायकी ठरवणाऱ्यानं, परीक्षा सुरू होण्याआधी खोलीत काय बोललं गेलं, ते विचारलं आहे का?

इथपर्यंत सगळं आपल्या बाजूचं झालं. आपल्या बाजूचं ऐकायला बरं वाटतं. पण या माशाकडं आपल्यासाठीही एक प्रश्न आहे आणि तो टाळून पुढं जाता येणार नाही.

अंधारात दांडगा नर काढून घेतला, दिवे लागले आणि खालचा वर चढला, ती गोष्ट परत आठवा. वर चढल्यावर त्यानं पहिलं काम काय केलं? कालपर्यंत ज्यांच्याबरोबर पळत होता त्यांच्याच मागं लागला. त्यांना हाकललं. त्यांच्या अंगात कॉर्टिसॉल चढवायला आता तो मोकळा झाला. टाकीत मालक बदलला, टाकी तशीच राहिली.

दोस्तांनो, हे दृश्य आपल्या ओळखीचं आहे. आपल्यातला एखादा शिकतो, खुर्चीवर बसतो, आणि वर्षभरात त्याच्या अंगावर पट्टी उमटते. आवाज बदलतो. वस्तीतला माणूस कामाला आला की त्याला बाहेर बाकावर बसवतो. आपण म्हणतो, पिंडच नालायक होता त्याचा. नाही! असं म्हटलं की आपण त्याच जुन्या पोथीचं पान उलटलं. तो नालायक जन्मला नव्हता. खुर्चीनं त्याला केला, जसं दडपणानं आपल्याला केलं. हे तत्त्व फक्त आपल्या सोयीपुरतं लावता येत नाही. खालच्याचा दबलेपणा जागेनं केलेला असेल तर वरच्याचा माजही जागेनं केलेला आहे. आपल्या माणसाचाही आणि त्यांच्या माणसाचाही.

मग कुणालाच जाब विचारायचा नाही का? वतनदार म्हणेल, मी काय करू, वाड्यानं मला असं केलं. हा खरा नैतिक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मासा देऊ शकत नाही, कारण इथं मासा संपतो. हद्दवाल्या बर्टोनीला आपली पट्टी दिसत नाही. तो कालचं आठवून लाजत नाही. आपण धावलो नाही तर काय होईल असा विचार करून तो थांबलाय, असं कुणी बघितलेलं नाही. माणसाला हे सगळं करता येतं. जागा माझ्या अंगात काय उतरवते आहे हे ज्याला कळू शकतं, त्याला ते कळून घेण्याची जबाबदारी असते. वतनदाराला वाड्यानं घडवलं हे खरं. पण वाडा आपल्याला घडवतो आहे हे त्याला सांगणारी माणसं दारात उभी होती. त्यानं त्यांना उंबऱ्याबाहेर उभं केलं आणि ऐकायचं नाकारलं. जाब आहे तो या नाकारण्याचा. आणि खुर्चीत बसलेल्या आपल्या माणसालाही जाब तोच आहे, कदाचित थोडा जास्त. त्यानं दोन्ही जागा अंगावर भोगलेल्या आहेत. त्याला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मासा आणखी एका ठिकाणी संपतो. बर्टोनीच्या टाकीत जागा रिकामी झाली तरच खालचा उठतो. जागा कुणीतरी रिकामी करावी लागते, पाखरानं नाहीतर शास्त्रज्ञानं. आणि उठतो तो एकेकटा. सगळे मातकट नर मिळून हद्द नावाची गोष्टच मोडून टाकतात असं टांगानिकाच्या काठावर घडलेलं नाही.

महाडला घडलं. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानं १९२३ साली केला होता. महाडच्या नगरपालिकेनं पुढच्याच साली चवदार तळं खुलं केल्याचं जाहीरही केलं होतं. कागदावर जागा रिकामी होती. प्रत्यक्षात मोठा मासा तिथंच होता आणि त्याचे दात सगळ्यांना माहीत होते. २० मार्च १९२७ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यामागं हजारो माणसं तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. त्यानंतर मारही खाल्ला. तळ्यावरचा हक्क न्यायालयात कायम व्हायला १९३७ साल उजाडलं.

या हजारो माणसांच्या रक्तात त्या दिवशी काय काय चढलं होतं ते कुणी मोजलेलं नाही. पिढ्यान् पिढ्यांचं भय होतंच असणार. भय असूनही पाय पुढं गेले, आणि मोठा मासा हलायच्या आधी गेले. उतरलेला पिंड घेऊन, जागा मिळायच्या आधी, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून. आणि गेले ते तळ्याची मालकी मागायला नव्हे. आपली हद्द आखायची, दुसऱ्याला तिथून हाकलायचं, असा विचार त्या दिवशी नव्हता. तळं सगळ्यांचं असावं एवढंच म्हणणं होतं.

तेव्हा कुणी पिंडाची गोष्ट काढली की त्याला विचारावं, बाबा, हा पिंड कोणत्या पाण्यात वाढला? आणि आपला एखादा वर चढला की त्यालाही विचारावं, पाणी बदललंस, की फक्त जागा? दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड आहे. तो आपल्याच माणसाच्या तोंडावर विचारावा लागतो.